खांद्यावर न ठेवलेलं बोट

नंदुरबारच्या स्टेशन रस्त्यावरचे जुने दुकानदार मला अजून 'लाल चष्मा' म्हणूनच ओळखतात. खरं नाव विचारलंत तर त्यांतल्या निम्म्यांना सांगता येणार नाही. इंग्रज जाऊन दहाएक वर्षं झाली होती, तेव्हापासून पुढे बरीच वर्षं मी भर दुपारी, उन्हानं जमीन भाजत असताना, गडद लाल काचांचा आणि बाजूंना चामड्याची झापडं असलेला चष्मा लावून त्या रस्त्यानं दवाखान्यात जायचो. लोकांची समजूत अशी की या माणसाचे बारा महिने डोळे आलेले असतात. चहावाला माझा कप वेगळा ठेवायचा. लग्नाच्या वेळी तर कमालच झाली. मुलीचे मामा मला पाहायला खांडबाऱ्याहून गाडीनं आले, मी त्यांना घ्यायला तसाच स्टेशनात गेलो, आणि ते चहासुद्धा न घेता पुढच्या गाडीनं परत गेले. दुसऱ्या मुलीच्या वेळी चष्मा खिशात ठेवण्याइतकी अक्कल मला आली होती.

'नोकरीतल्या गमतीजमती लिहा' असं या अंकाच्या संपादकांनी कळवलं, तेव्हा मी मोजून पाहिल्या. अशा गमती तीन-चारच निघाल्या. त्यांतली एक वर सांगून झाली, दुसरी पुढे येईल. बाकी जे आहे ते गमतीचं नाही, आणि ते मी आजवर बायको आणि आणखी एका माणसाखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. संपादकांनी हवं तर छापावं, नाहीतर परत पाठवावं.

मी क्षयाच्या दवाखान्यात एक्स-रे सहायक होतो. ते काम आता उरलं नाही, म्हणून जरा समजावून सांगतो. एक्स-रेचा फोटो काढायला फिल्म लागते, आणि आमच्याकडे फिल्म महिन्याला मोजून यायच्या. म्हणून पेशंटची छाती आधी पडद्यावर पाहायची. आम्ही त्याला 'स्क्रीनिंग' म्हणायचो, लोक म्हणायचे 'बत्ती लावणं'. माणसाला यंत्रापुढे उभं करायचं, छातीला एक चौकोनी पडदा टेकवायचा आणि पायाखालची कळ दाबायची. मागून किरण येतात, माणसातून पार होतात, आणि पडद्यावर हिरवट उजेडात त्याच्या बरगड्या, फुप्फुसं, हलणारं काळीज दिसू लागतं. चांगलं फुप्फुस उजळ दिसतं. क्षय असेल तिथं काळसर डाग. डाग दिसला की मग त्याची थुंकी तपासायची, गरज पडली तर फिल्म काढायची. डाग नसेल तर खोकल्याचं औषध देऊन घरी. म्हणजे त्या दहा-पंधरा सेकंदांत पडद्यावर जे दिसलं, त्यावर सगळं ठरायचं.

आणि तो उजेड केवढा? काजव्यानं घर उजळावं, तेवढा. खिडक्या काळ्या रंगानं बुजवलेल्या, दाराला दुहेरी काळा पडदा. उन्हातून आलेल्या डोळ्यांना त्या खोलीत वीस मिनिटं तरी काही म्हणजे काही दिसत नाही. तेवढा वेळ अंधारात बसून राहायचं, नाहीतर आधीपासून लाल चष्मा लावून हिंडायचं. लाल काचेतून आलेल्या उजेडानं डोळ्यांची अंधारातली नजर मोडत नाही. हे चहावाल्याला मी किती वेळा समजावलं असेल, पण कप वेगळाच राहिला.

तापीकाठच्या एका गावचे एक गुजर पाटील होते. केळी, ऊस, कपाशी सगळं भरभरून. ते गड्याला दाखवायला आले आणि स्वतःचं काळीज पाहायला हटून बसले, की मन्हं कायीज माले दखाडा. आमच्या डॉक्टरसाहेबांना विनोदाची हौस होती, ते हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाटलांनी घरून बायकोचा आरसा आणला. पडद्यामागे ते उभे, समोर मी आरसा धरून. कळ दाबली. पाटील डोळे ताणताहेत, ताणताहेत, आणि मग भडकले.

"भाऊ, काही दखाय नही ना माले! नुसता अंधार शे. तुम्हीन लोकस्ले बनाडी ऱ्हायनात का?"

त्यांना बाकावर बसवलं. वीस मिनिटं अंधारात पाटील एकटेच पुटपुटत होते. मग पुन्हा उभं केलं. या वेळी त्यांना दिसलं. बाहेर आल्यावर आरसा धोतराच्या सोग्यात गुंडाळत मला हळूच म्हणाले, "एवढुसं शे? माले वाटे, मन्हं कायीज मोठं व्हई."

या गमतीनंतरचं मात्र सगळं डोळ्यांचं आहे.

पडदा पाहणं म्हणजे नुसतं पाहणं नव्हे. अंधुक उजेडात सरळ रोखून पाहिलं की डाग पळतो, नजर किंचित बाजूला ठेवली की येतो. ही सवय अंगी बाणायला मला वर्ष लागलं. फुप्फुसाचं वरचं टोक, गळ्याजवळच्या हासळीच्या हाडामागचं, ते सगळ्यांत अवघड. क्षय बहुधा तिथंच घर करतो. तिथं पाहताना पेशंटला खोकायला सांगायचं. खोकताना निरोगी टोक क्षणभर उजळतं, रोगी टोक तसंच काळवंडलेलं राहतं. त्या एका क्षणासाठी डोळे तयार ठेवायचे, तेही एकामागून एक पेशंटला.

तासाभरानं डोळ्यांना विसावा द्या, असं आम्हाला शिकवलं होतं. शिकवणाऱ्यानं आमच्या दवाखान्याच्या ओट्यावरची रांग पाहिली नव्हती. विसाव्याशिवाय पाहत राहिलं की आधी डोळ्यांतून पाणी येतं. मग पापण्यांच्या आत रेती घातल्यासारखं होतं, कपाळ ठणकू लागतं, मळमळतं. शेवटी पडद्यावर मुंग्या येतात. साऱ्या पडद्यावर बारीक ठिपके वळवळू लागतात, आणि त्या वळवळीत डाग आहे की नाही ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आमच्या गावची वीजही तशीच, दुपारी दाब उतरला की पडदा आणखी विझायचा. संध्याकाळी घरी आलो की बायको ओल्या फडक्याची घडी माझ्या डोळ्यांवर ठेवायची आणि मी भिंतीला टेकून तसाच बसायचो. दिवा लावू नको म्हणायचो. मुलांना बाबांचा चेहरा फडक्यासकटच आठवत असेल.

आता साहेबांबद्दल. नाव लिहीत नाही, त्यांची मुलं हयात आहेत. घाटावरचे, स्वच्छ मराठी बोलणारे, पन्नाशी उलटलेले डॉक्टर. माणूस देवासारखा. डोंगरातून आलेल्या पेशंटला ते कधी ओरडले नाहीत. पण अंधारातली नजर वयाबरोबर जाते, आणि साहेबांची जात होती. मला ते एका दिवशी कळलं. एका म्हाताऱ्याच्या फुप्फुसात रुपयाएवढी पोकळी माझ्या डोळ्यांना स्वच्छ दिसत होती, आणि साहेब म्हणाले, "साफ. पुढचा." मी त्यांच्या मागे उभा. तोंडानं बोललो तर पेशंटदेखत त्यांचा पाणउतारा. माझ्या हातून सहज झालं ते असं की मी त्यांच्या उजव्या खांद्यावर एक बोट टेकवलं. पडद्यावर डाग उजव्या बाजूलाच होता. साहेब क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नाही, थांबा. उजवीकडे आहे काहीतरी. थुंकी घ्या याची."

त्या दिवसापासून तशीच रीत पडली. डाग ज्या बाजूला, त्या खांद्यावर माझं बोट. बोट नाही म्हणजे छाती साफ. याबद्दल आम्ही दोघं कधी एक अक्षर बोललो नाही. चहा पिताना साहेब पिकांबद्दल बोलायचे, मुलांच्या शाळेबद्दल बोलायचे, पण डोळ्यांचा विषय नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला तर मनातून अभिमानच वाटायचा, की मॅट्रिक झालेला मी, आणि नंदुरबार-तळोद्याच्या छात्या खरं म्हणजे मी तपासतो! तो अभिमान आठवला की आज तोंडात कडू येतं.

अभिमानाची दुसरी बाजू अशी की माझेही डोळे दुपारनंतर जातात, हे मी साहेबांना सांगितलं नाही. त्यांचे डोळे मीच होतो, मग माझेच गेले म्हणून कसं सांगू? त्यातून त्या महिन्यात दोनदा मी मुंग्यांना डाग समजून बोट ठेवलं. दोन्ही वेळा साहेबांनी फिल्म काढायला लावली, दोन्ही कोऱ्या निघाल्या. साहेब रागावले नाहीत, नुसतं 'च्यक्' केलं. महिना संपायला बारा दिवस होते आणि कपाटात चारच फिल्म उरल्या होत्या. तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं, की खात्री असल्याखेरीज बोट ठेवायचं नाही.

होळी आठवड्यावर आली होती. सातपुड्यात होळी म्हणजे सगळ्यांत मोठा सण, सारा डोंगर त्यासाठी थांबतो. त्या दिवशी सकाळी ओट्यावर नेहमीची गर्दी होतीच, आणि दुपारी बाराच्या सुमारास लाकडांच्या लॉरीतून आणखी वीस-पंचवीस माणसं उतरली. मोलगीच्या वरच्या अंगाच्या पाड्यांतली. तळोद्यापर्यंत दीड-दोन दिवस पायी आलेली. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"यांना उद्या या म्हणायचं कुठल्या तोंडानं?" ते म्हणाले. "चल, आटपून टाकू."

सकाळपासून चाळीस छात्या झाल्या होत्या. मी 'चला' म्हणालो.

त्या माणसांत जामसिंग होता. तिशीचा, काटक, डोक्याला पांढरं फडकं. दर वर्षी कपाशी वेचायला तापीकाठच्या गुजरांच्या शेतांत उतरायचा, त्यामुळे त्याला अहिराणी येत होती. बरोबर बायको, सायकी. तिला फक्त डोंगरातली बोली. अंगानं वाळलेली, पण डोळे टपोरे आणि सगळीकडे कुतूहलानं पाहणारे. मी नाव लिहीत होतो तेव्हा जामसिंग वाकून म्हणाला, "भाऊ, हाई मन्ही बायको. दिवायीपासून खोकस. आम्हीन तिले शेतमा न्यारी खोपडी बांधी दिन्ही. पोर दोन वरीसनी शे, ती मन्ही मायजोडे ऱ्हास. आते होयी उनी. हाई म्हनस, पोरले जोडे लेवाले चाली का, येवढंच इचार."

पोरीला जवळ घेतलं तर चालेल का, एवढंच तिला विचारायचं होतं. औषध, गोळी, काही मागितलं नाही. दिवाळीपासून शेतातल्या खोपटात एकटी राहत होती, मुलगी लांबून दिसायची. होळीला तिला कडेवर घ्यायची होती. कुणी शिकवलं नसताना त्या माणसांनी रोगाशी जसं वागायला हवं तसं अगदी नेमकं केलं होतं.

तिची पाळी आली तेव्हा दुपारचे तीन झाले असतील. विजेचा दाब उतरलेला. माझ्या कपाळात घण पडत होते. गळ्यातल्या मण्यांच्या माळा आणि चांदी तिनं न कुरकुरता काढून जामसिंगच्या हातात दिली. अंधारात ती घाबरली नाही. यंत्रापुढे उभी राहिली, पडदा छातीला टेकवला, साहेबांनी कळ दाबली.

मुंग्या. साऱ्या पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"खोक, बाई. जोरमा खोक," मी म्हणालो. जामसिंगनं दाराशी उभं राहून तिच्या बोलीत सांगितलं. ती खोकली. उजळलं की नाही उजळलं, मला काही कळलं नाही. पुन्हा खोकायला सांगावं, असं मनात आलं. बाहेर अजून पंधरा माणसं होती. साहेब माझ्या बोटाची वाट पाहत थांबले, नेहमीपेक्षा थोडे जास्तच थांबले. चुकून बोट ठेवलं असतं तरी काय बिघडणार होतं? थुंकी तपासली असती, चार दिवस इथं राहावं लागलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या दोन कोऱ्या फिल्म होत्या आणि साहेबांचं 'च्यक्' होतं. माझा हात माझ्याजवळच राहिला.

"साफ आहे," साहेब म्हणाले. "घे म्हणावं मुलीला."

ओट्यावर येऊन जामसिंगनं तिला ते सांगितलं. उन्हानं तिचे डोळे मिटले होते. मिटल्या डोळ्यांनीच ती हसली, आणि माळा गळ्यात घालता घालता काहीतरी भराभर बोलत सुटली. मी लाल चष्म्यातून ते पाहिलं आणि मला बरं वाटलं.

पावसाळ्यात त्या पाड्यांवरून कुणी खाली येत नाही. ओढे भरतात, तापी भरते, डोंगर तुटतो. दसऱ्याला उघाड पडली आणि एका सकाळी जामसिंग ओट्यावर बसलेला दिसला. एकटाच होता, मांडीवर मुलगी. तिचं नाव दिवली. तिची मान त्याच्या दंडावर कलंडलेली.

"बाई कोठे शे?" मी विचारलं.

"ती गयी, भाऊ. पावसामा गयी." मग मला समजूत घातल्यासारखं म्हणाला, "तिले ते काही नव्हतं. तुम्हीन दखं ना. पावसामा दुसरं काहीतरी लागनं तिले. आते पोर खोकस. पाडाना बठा लोक सांगेत, तळोदाले ली जा. मी सांगं, नही. नंदुरबारना डाक्तर खरं सांगतस, मी तठेच जासू."

तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, दिवसाची पहिलीच छाती. डोळे ताजे, वीज चांगली. जामसिंगनं मुलीला दोन्ही हातांनी उचलून पडद्यामागे धरलं. कळ दाबताच दिसलं. त्यासाठी ना खोकायला लावायची गरज होती ना नजर बाजूला ठेवायची. फुप्फुसाच्या मुळाशी गाठी आणि त्यांच्यापासून पसरलेला काळसर पट्टा. मी साहेबांच्या खांद्यावर बोट ठेवलं. साहेबांनी आपला हात मागे आणून ते बोट धरलं आणि धरूनच ठेवलं.

मुलीला आतल्या खोलीत झोपवलं. जामसिंग तिच्याजवळ बसला. साहेब आणि मी अंधाऱ्या खोलीत परत आलो, दार लावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो विषय काढला.

"तिच्या आईच्या डाव्या हासळीमागे मला काहीतरी वाटलं होतं रे," ते म्हणाले. "पण तुझं बोट आलं नाही. मला वाटलं, माझेच डोळे. म्हातारे झालेत, काहीतरी दाखवतात."

मी म्हणालो, "साहेब, त्या दिवशी दुपारपासून मला काहीच दिसत नव्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

दोन शिकलेली माणसं. एकाला दिसलं होतं, त्यानं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. दुसऱ्याला दिसत नव्हतं, त्यानं ते लपवलं. आमच्या दोघांच्या लाजेपायी ती बाई चार महिने पोरीला कुशीत घेऊन झोपली होती.

"जामसिंगला सांगायला हवं," मी म्हणालो.

"हवं," साहेब म्हणाले. "पण आत्ता सांगितलं तर तो मुलीला उचलेल आणि निघून जाईल. त्याचं काय चुकेल? आधी तिचं औषध पुरं होऊ दे. दीड वर्ष. मग आपण दोघं मिळून सांगू."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर ऐकून मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची मला आजही शरम वाटते.

दोन महिने दिवलीला रोज सुई टोचली. सुई टोचणाऱ्या नर्सला ती चावायची आणि मग तिच्याच मांडीवर बसायची. अंगावर मूठभर मांस आलं. पुढे गोळ्या देऊन घरी पाठवलं. जामसिंग दर महिन्याला यायचा. जाऊन-येऊन पाच दिवस मोडायचे त्याचे. येताना माझ्यासाठी कधी मोहाची फुलं, कधी दोन मुठी चारोळी आणायचा. घेऊ नये असं वाटायचं, पण न घेतलं तर का घेत नाही ते सांगावं लागेल, म्हणून घ्यायचो. घरी नेऊन ती तशीच ठेवून द्यायचो. एकदा बायकोनं विचारलं, "हे खात का नाही?" तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती रडली, आणि चारोळी उचलून आत घेऊन गेली.

उन्हाळ्यात साहेबांनी नोकरी सोडली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, असं त्यांनी अर्जात लिहिलं. जाताना म्हणाले, "सांगायचं आता तुझ्यावर आलं रे." नवे डॉक्टर तरुण होते, त्यांना बोटाची गरज नव्हती. मी नुसतीच कळ दाबू लागलो.

पाऊस लागण्याआधी जामसिंग आला, त्याला एकदम चार महिन्यांच्या गोळ्या बांधून दिल्या. दिवली बरोबर होती, ओट्यावर पळत होती. छाती पाहिली, पट्टा पुष्कळसा विरला होता. मी मनात म्हटलं, आता थोडंच राहिलं.

उघाड पडल्यावर जामसिंग पुन्हा एकटा आला. मुलगी बरोबर नव्हती. त्यानं डोक्याचं फडकं सोडलं. त्याच्या गाठीत कागदाच्या पुड्या होत्या, आम्हीच दिलेल्या, पावसात भिजू नयेत म्हणून सागाच्या पानात गुंडाळलेल्या. त्या माझ्यासमोर ठेवून तो म्हणाला, "भाऊ, हाई उरेल गोया. दुसरी कोनी पोरले कामले येतीन."

दिवलीचा ताप डोक्यात गेला होता. मान ताठ झाली, झटके आले, चार दिवसांत गेली. ओढ्याला पाणी होतं, आणणार कुठून? हे सगळं त्यानं पिकाबद्दल बोलावं तसं सांगितलं. उरलेल्या गोळ्या परत करायला तो दोन दिवस चालत आला होता.

आता दीड वर्ष पुरं होण्याची वाट पाहायला कारण उरलं नव्हतं. मी त्याला बाजूला बाकावर बसवलं आणि त्याच्याशेजारी बसून सांगितलं. त्याच्याच भाषेत सांगितलं, म्हणजे पुढे कळलं नाही असं व्हायला नको. सायकीला तोच रोग होता. त्या दुपारी माझे डोळे थकले होते. माले काहीच दखाय नही, आनि मी बोलनू नही. तिला साफ म्हणालो ते खोटं होतं. तिनं पोरीला जवळ घ्यायला नको होतं.

तो आरडाओरडा करेल, मला मारेल, असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो बोलला, तेही मला दोष देण्यासाठी नव्हे, स्वतःशीच हिशोब जुळवल्यासारखा.

"होयीनंतर तिनं आंग चुलासारखं तपे. माले दखाये. थुकामा रगत दखाये. माय सांगे, पोरले दूर कर, हाई चांगलं नही शे. मी मायवर खेकसनू. सांगं, डाक्तरनी मशीनमा दखेल शे, तुले काय समजस? आम्हले बठास्ले दखाये, भाऊ. पन आम्हीन आमना डोयास्वर इसवास ठेवा नही. तुमना डोयास्वर ठेवा."

मग तो उठला. गोळ्यांच्या पुड्या बाकावर तशाच राहिल्या.

मी त्या दवाखान्यात आणखी अकरा वर्षं होतो. मोलगीच्या आसपासच्या इतर पाड्यांवरून माणसं येत राहिली. जामसिंगच्या पाड्याचं नाव मी दर महिन्याला रजिस्टरात शोधायचो. ते पुन्हा आलं नाही. तिथलं खोकणं काही थांबलं नसणार.